रक्त थांबले, आता औषधही थांबवावे का? (अल्सरेटिव्ह कोलायटिस)

खानापूरची सून

सर्वांना नमस्कार. माझे यजमान ३६ वर्षांचे असून बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला जातात. आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांना शौचाच्या वेळी रक्त पडू लागले. सुरुवातीला जवळच्या एका दवाखान्यात मूळव्याध समजून मलम आणि गोळ्या मिळाल्या. पुढे रक्ताबरोबर आव पडू लागली तेव्हा दुसऱ्या ठिकाणी अमिबाचा त्रास आहे असे सांगून एकाच औषधाचे तीन कोर्स झाले. दर वेळी चार दिवस बरे वाटायचे आणि पुन्हा तेच सुरू व्हायचे. फेब्रुवारीपर्यंत दिवसातून आठ-नऊ वेळा जावे लागत होते, रात्री दोनदा उठावे लागत होते, वजन ९ किलोने उतरले होते आणि हिमोग्लोबिन ८.९ वर आले होते. शेवटी बेळगावात दुर्बिणीने आतड्याची तपासणी झाली, आतल्या आवरणाचा तुकडा तपासायला पाठवला गेला आणि मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे निदान झाले.

एप्रिलच्या मध्यापासून औषधे सुरू आहेत. मेसालामाइनच्या गोळ्या रोज घ्यायच्या आहेत. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅमपासून सुरू केले आणि दर आठवड्याला ५ मिलिग्रॅमने कमी करत आता १५ मिलिग्रॅमवर आणले आहे. लोह शिरेतून दोनदा दिले. रक्त पडणे थांबून तीन आठवडे झाले, शौचाला दिवसातून दोनदाच जावे लागते आणि ते पुन्हा कामावर रुजू झाले आहेत.

अडचण आता घरात सुरू झाली आहे. रक्त थांबले म्हणजे आजार गेला, मग एवढी औषधे शरीरात कशाला भरायची, असे मामंजींचे म्हणणे आहे. स्टेरॉइडमुळे यजमानांचा चेहरा सुजल्यासारखा दिसतो, त्यामुळे पाहुणे-रावळेही तेच बोलतात. ओळखीतले एक गृहस्थ जडीबुटीने ४० दिवसांत मुळापासून बरे करतो असे सांगून गेले, मात्र आधी सर्व गोळ्या बंद कराव्या लागतील अशी त्यांची अट आहे. सासूबाईंनी दूध, भाकरी, डाळ, भाजी असे सगळेच बंद करून दोन्ही वेळा पेज आणि मऊ भात चालवला आहे. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण जड काम करणाऱ्या माणसाला एवढ्यावर ताकद कशी येणार?

हा आजार नेमका काय आहे, औषध किती काळ घ्यावे लागते, जेवणात काय असावे आणि ज्यांच्या घरी हा आजार आहे ते रोजचे जगणे कसे सांभाळतात, हे मला जाणून घ्यायचे आहे. यजमान दरवर्षी आषाढीची पायी वारी करतात, ती यंदा करावी की नाही हाही प्रश्न आहे. रिपोर्ट इंग्रजीत आहेत, दवाखान्यातल्या सिस्टर कन्नडमधून समजावतात आणि डॉक्टरांसमोर गेल्यावर निम्मे प्रश्न विचारायचे राहून जातात, म्हणून येथे सविस्तर लिहिले आहे.

वडगावचे विणकर

ताई, तुमच्या घरात आज जे चालले आहे ते आमच्या घरात ११ वर्षांपूर्वी जसेच्या तसे घडले होते, म्हणून मी आधी माझी चूक सांगतो.

मी बेळगावच्या वडगावात राहतो आणि आमचे घराणे मागावर काम करणारे आहे. मलाही डाव्या बाजूचाच आजार आहे. पहिल्या खेपेला दोन महिन्यांत रक्त थांबले, भूक लागू लागली, वजन भरले. मी गोळ्या आधी निम्म्या केल्या आणि नंतर पूर्ण बंद केल्या. सात महिने काहीही झाले नाही. त्या सात महिन्यांत मी भेटेल त्याला औषधाविना बरा झालो म्हणून सांगत होतो, याचे मला आज फार वाईट वाटते, कारण माझे ऐकून आणखी कोणी गोळ्या सोडल्या असतील तर त्याचा दोष माझ्याकडे येतो. आठव्या महिन्यात कंबर धरली म्हणून औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या आणि आठवडाभर खाल्ल्या. त्यानंतरच्या पंधरवड्यात आजार असा उसळला की दिवसातून १४ वेळा जावे लागले, अंगात ताप भरला आणि नऊ दिवस रुग्णालयात शिरेतून स्टेरॉइड घ्यावे लागले. पहिल्या वेळी आजार फक्त डाव्या बाजूला होता, या वेळी दुर्बिणीत तो पुढे सरकलेला दिसला.

तेव्हा एका वडीलधाऱ्या डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली. ते म्हणाले, तुम्ही विणकर आहात, ताणा तुटला की माग थांबतो आणि तुम्हाला लगेच कळते. आतड्याचे तसे नाही, वरून कापड चांगले दिसत असते आणि आत धागे सुटत असतात. रक्त दिसत नाही याचा अर्थ आतले आवरण भरून आले असा होत नाही, हे मला त्या दिवशी उमगले. त्यानंतर आजपर्यंत मी गोळी चुकवलेली नाही. या काळात दोनदा थोडा त्रास वाढला, तो औषधाची मात्रा वाढवून आटोक्यात आला, आणि रुग्णालयात पुन्हा राहावे लागले नाही.

यजमानांना एक वही घालून द्या. मी दररोज चारच गोष्टी लिहितो: किती वेळा गेलो, रक्त होते का, रात्री उठावे लागले का आणि घाई किती होती. महिन्यातून एकदा वजन लिहितो. डॉक्टरांसमोर गेल्यावर आपण घाबरून बरे आहे एवढेच म्हणतो, आणि खरी हकीकत वहीत असते. आमच्याकडे नवे डॉक्टर आले तेव्हा मराठी-कन्नडचा घोळ न होता त्यांनी आकडे पाहूनच औषध ठरवले.

कामाच्या ठिकाणाबद्दलही सांगतो, कारण या आजारात माणूस दुखण्यापेक्षा घाईला जास्त भितो. जायची भावना झाली की दोन मिनिटेही थांबता येत नाही. मी दोन वर्षे कोणालाही सांगितले नाही आणि त्यापायी एसटीने प्रवास करणेही सोडले. शेवटी मालकांना सरळ सांगितले, त्यांनी संडासाजवळचा माग दिला आणि माझा अर्धा आजार तिथेच हलका झाला. फाउंड्रीत भट्टीजवळचे काम असेल तर अंगातले पाणी उतरते, म्हणून मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस सोबत ठेवावे. पिशवीत एक जोडी कपडे असले तरी मनाला धीर येतो.

मिरजेतील एक डॉक्टर

मी पोटविकारांच्या विभागात काम करतो. सीमाभागातून, विशेषतः अथणी, कागवाड, रायबाग आणि चिकोडीकडून पुष्कळ रुग्ण आमच्याकडे येतात. आपल्या यजमानांना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्या औषधाच्या मात्रेबद्दल मी काही सांगणार नाही. पण आजार समजला तर घरातील वाद बराचसा मिटेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपली प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढण्यासाठी असते. या आजारात ती मोठ्या आतड्याच्या आतील आवरणावरच उलटते आणि तेथे सूज व व्रण होतात. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि मध्ये जागा न सोडता वर वर सरकते. कोणाचा आजार गुदाशयापुरता राहतो, कोणाचा डाव्या बाजूपर्यंत पोचतो, तर कोणाचे संपूर्ण मोठे आतडे व्यापले जाते. सुजलेले आवरण पाणी शोषू शकत नाही म्हणून जुलाब होतात, व्रणांतून रक्त व आव येते, आणि गुदाशय सुजलेला असल्यामुळे पोट रिकामे असतानाही सारखे जावेसे वाटते. मूळ कारण एकच असे नाही. आनुवंशिक कल, आतड्यातील जिवाणू आणि परिसर यांचा त्यात वाटा असतो. तिखटाने हा आजार होत नाही, काळजीने होत नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मुलांना होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण अशा आईवडिलांच्या बहुतेक मुलांना तो होत नाही.

निदानाला उशीर झाला याचे आपल्याला दुःख असणारच. आपल्या भागात आव-रक्त म्हटले की अमिबा आठवतो, आणि अमिबा खरोखरच असतोही, त्यामुळे तो शोधणे चूक नव्हते. तपासणी न करता तेच औषध तीनदा देणे मात्र योग्य नव्हते. याची दुसरी बाजूही ध्यानात असू द्यावी: अमिबाचा आजार असताना कोलायटिस समजून स्टेरॉइड दिले तर आतडे फाटण्यापर्यंत धोका जातो. म्हणून शौचाची तपासणी, दुर्बीण आणि तुकड्याची तपासणी ही तिन्ही होणे आवश्यक असते. पुढे केव्हाही त्रास वाढला तरी आधी जंतुसंसर्ग नाही ना हे पाहावे, विशेषतः मधल्या काळात प्रतिजैविके घेतली असतील तर.

आता मुख्य प्रश्न. स्टेरॉइड आणि मेसालामाइन यांची कामे वेगळी आहेत. स्टेरॉइड आग विझवते, पण ती पुन्हा लागू नये याची व्यवस्था ते करीत नाही. शिवाय ते लांबले तर हाडे ठिसूळ होतात, साखर व रक्तदाब वाढतो, डोळ्यांत मोतीबिंदू होतो. म्हणून ते ठरवून कमी करत बंद करायचेच असते. चेहऱ्याची सूज औषध थांबल्यावर काही आठवड्यांत ओसरेल. मात्र अनेक आठवडे घेतलेले स्टेरॉइड एका दिवसात बंद करू नये, कारण त्या काळात शरीराने स्वतःचे तसे द्रव्य तयार करणे कमी केलेले असते आणि अचानक बंद केल्यास चक्कर, उलट्या, रक्तदाब खाली जाणे असे गंभीर प्रकार घडू शकतात. जडीबुटी देणाऱ्या गृहस्थांची सर्व गोळ्या बंद करण्याची अट केवळ या एका कारणासाठीही मान्य करता येणार नाही. स्टेरॉइड सुरू असेपर्यंत कॅल्शियम व ड जीवनसत्त्व घेत आहेत का, हे विचारून घ्यावे.

मेसालामाइन हे रखवालीचे औषध आहे. गोळीवरचे आवरण मोठ्या आतड्यात पोचल्यावर विरघळते आणि औषध तेथील आवरणावर थेट काम करते. म्हणून ही गोळी फोडू किंवा चघळू नये. कधीकधी शौचात गोळीचे रिकामे कवच दिसते, त्याने घाबरू नये. अख्खी गोळी वारंवार दिसली तर डॉक्टरांना सांगावे. दिवसाची पूर्ण मात्रा एकदम घेतली तरी परिणामात फरक पडत नाही, त्यामुळे दुपारची गोळी विसरणाऱ्या कामगाराने डॉक्टरांना विचारून एकच वेळ ठरवावी. हे औषध वर्षानुवर्षे घेता येते. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची तपासणी मात्र सुरुवातीला आणि पुढे वर्षातून एकदा तरी करावी. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी जुने सल्फासॅलाझिन आहे. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ या डॉक्टर बाईंनी सांधेदुखीवर उपाय शोधताना ते पुढे आणले, आणि कोलायटिसच्या रुग्णांची आतडी त्याने सुधारतात असे त्यांना आढळले. त्यासोबत फॉलिक ॲसिड घ्यावे लागते, आणि पुरुषांमध्ये शुक्रजंतूंची संख्या तात्पुरती घटते हे मूल हवे असणाऱ्या जोडप्यांना आधीच सांगायला हवे. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ते देता येत नाही.

रक्त थांबल्यावरही आत सूज शिल्लक आहे का हे शौचातील कॅलप्रोटेक्टिन या तपासणीने बऱ्यापैकी कळते. लक्षणे नसताना हा आकडा ग्रॅममागे १५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर आजार शांत असल्याची चांगली खूण मानतात. मामंजींना समजावण्यासाठी मी असतो तर हीच तपासणी करून कागद त्यांच्यापुढे ठेवला असता.

मेसालामाइन पुरेसे पडले नाही, किंवा स्टेरॉइड कमी करताच दर वेळी त्रास उलटू लागला, तर पुढची औषधे आहेत. ॲझाथायोप्रिनचा पूर्ण परिणाम दिसायला सुमारे तीन महिने लागतात आणि पांढऱ्या पेशींची तपासणी नियमित करावी लागते. आपल्याकडील काही लोकांत एका जनुकातील फरकामुळे या पेशी झपाट्याने घटतात, म्हणून पहिल्या आठवड्यांत ती तपासणी चुकवू नये. इन्फ्लिक्सिमॅब, व्हेडोलिझुमॅब ही शिरेतून देण्याची औषधे आणि टोफासिटिनिब ही गोळी त्याच्याही पुढची आहेत. इन्फ्लिक्सिमॅब किंवा टोफासिटिनिब देण्यापूर्वी क्षयरोग व कावीळ बी यांची तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण शरीरात झोपलेला क्षयरोग त्यांनी जागा होऊ शकतो. औषधे निष्प्रभ ठरलेल्या थोड्या रुग्णांना मोठे आतडे काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. त्यानंतर लहान आतड्यापासून पिशवी तयार करून नेहमीच्या मार्गाने शौचाला जाता येते. आपल्या यजमानांच्या बाबतीत आज यातील कशाचाही विचार करण्याचे कारण दिसत नाही.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच आणि त्यासोबत नाडी ९० च्या वर, ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, यांपैकी एक जरी असेल तरी तो तीव्र झटका समजून त्याच दिवशी रुग्णालयात दाखल व्हावे. हे निकष ट्रूलव आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ साली मांडले आणि आजही आम्ही तेच वापरतो. पोट फुगून कडक झाले असेल तर रात्र काढू नये.

शेवटी माझा एक प्रश्न. डाव्या बाजूच्या आजारात गोळ्यांबरोबर गुदद्वारातून द्यायचे औषध जवळजवळ नेहमीच लिहून देतात. आपल्या यादीत ते दिसत नाही. ते दिले होते का?

खानापूरची सून

डॉक्टरसाहेब, आपला प्रश्न वाचून मी कपाट उघडले. रात्री घ्यायच्या एनिम्याच्या सात बाटल्या दिल्या होत्या, त्यांतली एकही उघडलेली नाही. सिस्टरनी कन्नडमधून भराभर सांगितले होते. मला कन्नड बोलता येते, पण त्या गोष्टीबद्दल पुन्हा विचारायची आम्हा दोघांनाही लाज वाटली. गोळ्यांनी बरे वाटू लागल्यावर यजमान म्हणाले, हे नसले तरी चालेल. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारले तेव्हा त्यांनी घेतो म्हणून सांगितले. मी शेजारीच होते आणि मीही गप्प बसले. आता सुरू करून उपयोग होईल का? आणि वडगावच्या दादांनी वेदनाशामक गोळ्यांचे लिहिले आहे, तर अंग दुखले की कोणती गोळी घ्यावी?

मिरजेतील एक डॉक्टर

आपण हे मोकळेपणाने लिहिले याबद्दल आभार. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण हेच करतात आणि सांगत नाहीत. मग गोळ्यांचा परिणाम कमी पडतो आहे असे समजून आम्ही विनाकारण पुढचे औषध देतो. नुसत्या गोळ्यांपेक्षा गोळ्या आणि एनिमा मिळून आवरण लवकर व चांगले भरते, कारण तोंडावाटे घेतलेले औषध आतड्याच्या शेवटच्या भागात सर्वांत कमी पोचते आणि आजार तर तिथेच मुरलेला असतो. सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची औषधाची वडी, गुदाशयापुरती पोचते, एनिमा डाव्या बाजूच्या वरच्या वळणापर्यंत जाऊ शकतो. बाटल्यांवरची मुदत पाहा, आपल्या डॉक्टरांना फोन करून खरी हकीकत सांगा आणि आता सुरू करायचे का, किती दिवस घ्यायचे, हे त्यांच्याकडून ठरवून घ्या. ते रागावणार नाहीत.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्या वर्गातील गोळ्या टाळाव्यात, आणि औषधाच्या दुकानात आजाराचे नाव आवर्जून सांगावे.

वडगावचे विणकर

एनिमा कसा घ्यायचा ते मी सांगतो, यात लाजण्यासारखे काही नाही. झोपण्यापूर्वी शौचाला जाऊन यावे. बाटली थोडा वेळ दोन्ही हातांत धरली की गार राहत नाही, गार औषध आत गेले की लगेच बाहेर टाकावेसे वाटते. मग ती चांगली हलवावी, डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पोटाशी घ्यावा, टोकाला थोडे तेलकट मलम लावावे आणि बाटली हळूहळू दाबावी. अर्धा तास तरी डाव्या कुशीवरच राहावे. पहिले तीन-चार दिवस माझे औषध पाच मिनिटेही टिकले नाही, पण सूज उतरत गेली तसे रात्रभर राहू लागले. त्या औषधाचे तपकिरी डाग कपड्यावरून जात नाहीत, म्हणून खाली जुने लुगडे किंवा गडद चादर घालावी. मला पहिल्या आठवड्यात आईने मदत केली होती, तेव्हा मी ३४ वर्षांचा होतो.

जेवणाबद्दल सासूबाईंना दुखवू नका, त्यांनी पहिल्या महिन्यात जे केले ते बरोबरच होते. रक्त पडत असताना पोटाला चोथा सोसत नाही, तेव्हा मऊ भात, मुगाचे वरण, दुधीची शिजवलेली भाजी, केळे, ताक एवढ्यावरच मीही राहिलो. आता मात्र त्यांना पोटभर आणि सकस लागते. मी दर तीन दिवसांनी एक पदार्थ वाढवत गेलो: आधी नाचणीची आंबील, मग ज्वारीची मऊ भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, मग अंडे, मग शिजवलेल्या सर्व भाज्या. दूध मला ग्लासभर सोसत नाही, पण दही-ताक चालते; माझ्या मेहुण्याला हाच आजार आहे आणि तो दूध निवांत पितो. म्हणजे एकाचे बघून दुसऱ्याचे बंद करू नये. संकेश्वरी मिरचीच्या झणझणीत चटणीने मला घाई वाढते, म्हणून ती कमी खातो. आजार तिने परत आला असे कधी झाले नाही. सणाला कुंदाही खातो. डॉक्टरांनी मला विशिष्ट पथ्य असे लिहून दिलेले नाही, वहीत जे त्रासदायक दिसले तेवढेच टाळतो.

निपाणीची शिक्षिका

ताई, मला हा आजार २४ व्या वर्षी झाला, लग्न ठरायच्या आधी. आम्ही तो मुलाकडच्यांपासून लपवला नाही, त्यामुळे दोन स्थळे गेली आणि तिसरे टिकले. मूल होईल का, ही तेव्हाची सर्वांत मोठी काळजी होती. कोल्हापूरच्या माझ्या डॉक्टरांनी सांगितले की आजार तीन ते सहा महिने शांत असेल तेव्हा दिवस राहावेत, आणि मेसालामाइन गरोदरपणात चालू ठेवावे. बाळाला धोका औषधापेक्षा उसळलेल्या आजाराचा जास्त असतो. मी तसेच केले आणि माझी मुलगी आता दुसरीत आहे. काही औषधे, जसे मेथोट्रेक्झेट, गरोदरपणात मुळीच चालत नाहीत, म्हणून आधी विचारणे महत्त्वाचे.

आमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारी आणि बिडीचे काम घरोघरी, त्यामुळे विडी ओढणाऱ्याला हा आजार होत नाही असे कोणी सांगितले की लोकांचा लगेच विश्वास बसतो. धूम्रपान करणाऱ्यांत तो कमी आढळतो आणि सोडल्यानंतर काहींना सुरू होतो, एवढे खरे आहे. पण म्हणून विडी धरायला कोणताही डॉक्टर सांगत नाही, कारण छातीचे, हृदयाचे आणि कर्करोगाचे जे व्हायचे ते त्याहून कितीतरी मोठे आहे. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी म्हणून हे वाचून काढले होते. त्यांची स्वतःची विडी त्यानंतर सुटली.

तुमच्या घरी जडीबुटीचा विषय आहे, तर हळदीचेही सांगते. हळदीतील कर्क्युमिन मेसालामाइनच्या जोडीने देऊन काही ठिकाणी चांगला परिणाम दिसला आहे, परंतु ते जास्त मात्रेतील अर्क होते आणि मूळ औषध चालू ठेवूनच दिलेले होते. काय घ्यायचे ते डॉक्टरांना दाखवून घ्यावे. पुडीत काय आहे हे जो सांगत नाही त्याची पुडी घेऊ नये, कारण काही पुड्यांत स्टेरॉइड किंवा जड धातू निघाले आहेत.

आणखी एक, जे मला फार उशिरा कळले: सांधे दुखणे, डोळे लाल होऊन दुखणे, नडगीवर दुखऱ्या लाल गाठी येणे, हेही याच आजाराचे भाग असू शकतात. डोळ्यांचे मी दहा दिवस अंगावर काढले, तसे करू नका. आणि आजार सुरू होऊन आठ वर्षे झाली की कर्करोगाची सुरुवात नाही ना हे पाहण्यासाठी दुर्बिणीची तपासणी ठरावीक अंतराने करून घ्यावी लागते. माझी दोनदा झाली, दोन्ही वेळा काही निघाले नाही.

मिरजेतील एक डॉक्टर

वारीचे राहिले. स्टेरॉइड नुकतेच संपत असताना, हिमोग्लोबिन पूर्ण भरलेले नसताना, उघड्यावरचे पाणी पिऊन इतके दिवस चालणे यंदा योग्य होणार नाही, असे माझे मत आहे. जंतुसंसर्ग झाला तर तो कोलायटिसचा भडका आहे की साधा जुलाब हे वाटेत कळणार नाही. आपल्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन व कॅलप्रोटेक्टिन पाहून परवानगी दिली, तर एकादशीला गाडीने जाऊन दर्शन घेता येईल. मी माझ्या दोन वारकरी रुग्णांना असेच एक वर्ष थांबवून त्यानंतरच्या वर्षी पायी पाठवले आहे. गोळ्या, ओआरएस, बाटलीबंद पाणी आणि औषधांची चिठ्ठी त्यांच्या झोळीत होती.

खानापूरची सून

आपण सर्वांनी एवढे लिहिलेत, मी ते सगळे काल रात्री मामंजींना वाचून दाखवले. ११ वर्षांपूर्वीची हकीकत त्यांनी दोनदा वाचायला लावली. गोळ्या बंद करण्याची भाषा आता घरात नाही, आणि जडीबुटीवाल्या गृहस्थांना त्यांनी स्वतःच नको म्हणून फोन केला.

डॉक्टरांना फोन करून खरे सांगितले. ते एवढेच म्हणाले की आज रात्रीपासून सुरू करा. पहिला एनिमा दहा मिनिटे टिकला, काल रात्रीचा पाऊण तास. कॅलप्रोटेक्टिनची तपासणी स्टेरॉइड संपल्यानंतर करायचे ठरले आहे. सासूबाईंनी आज ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून वाढली आणि समोर बसून राहिल्या. वारी यंदा सासूबाई करणार आहेत, यजमान एकादशीला गाडीने जाऊन त्यांना घेऊन येतील, तेही डॉक्टर हो म्हणाले तर. वही मी आणली आहे, लिहायची त्यांनी.